कुठल्या झाडावरचं बांडगूळ?

जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातलं धावडा अजिंठ्याच्या डोंगराकडेला वसलंय. इकडं उन्हाळा लागला की माळ करपतो, बांधावरची झाडं उघडी पडतात आणि एखाद्या फांदीवर जाड, चामट पानांचा हिरवागार झुपका दुरूनच डोळ्यांत भरतो. हेच बांडगूळ, शास्त्रीय नाव डेंड्रॉफ्थी फाल्काटा. आंबा, बोर, बाभूळ, मोह, कडुनिंब, काहीही त्याला चालतं. जगभरात त्याच्या यजमान झाडांच्या नोंदी तीनशेच्या वर आहेत.

पानं हिरवी, त्यामुळे अन्न ते स्वतः बनवतं. ज्या झाडावर वाढतं त्या यजमानाकडून ओढून घेतं ते पाणी आणि क्षार. उन्हाच्या तडाख्यात यजमान झाड पानांची रंध्रं मिटून पाणी राखतं. बांडगूळ तेवढी काटकसर करत नाही. साहजिकच बांडगुळाच्या जोडापुढची फांदी आधी वाळते. २०१२-१३च्या दुष्काळात ज्या जालन्यात मोसंबीच्या बागा पाण्यावाचून जळाल्या, तिथल्या शेतकऱ्याला या पाहुण्याचं कौतुक कुठून असणार!

वैद्यकात मात्र त्याचा मान जुना आहे. चरकसंहितेत लघवी मोकळी करणाऱ्या दहा वनस्पतींचा जो गण आहे, त्यात पहिलंच नाव वृक्षादनीचं. सुश्रुतानं मुतखड्यावर सांगितलेल्या वीरतर्वादी गणातही ती येते. वृक्षादनी किंवा वंदा म्हणजे बांडगूळ, असंच सहसा मानतात. पण औषध म्हणून ते हाती घेण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: कुठल्या झाडावरचं?

हा प्रश्न अंधश्रद्धेतला नव्हे. एकोणिसाव्या शतकात कटककडे कुचल्याच्या झाडावर वाढणारं बांडगुळाच्याच जातकुळीतलं एक झुडूप औषध म्हणून वापरलं जाई. ओशॉनेसी या डॉक्टरनं ते तपासलं, तर त्यात कुचल्याचीच विषं निघाली, स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन. कण्हेरीवरच्या आपल्या बांडगुळातही कण्हेरीची, हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं सापडली आहेत. म्हणजे पाण्याबरोबर यजमानाचं औषध येतं, तसं विषही येतं. 'बांडगुळाची पावडर' एवढंच लिहिलेली पुडी म्हणूनच मला अर्धवट माहितीची वाटते.

फळांनाही हाच नियम लावावा. पिकलेलं फळ गुलाबी-लाल, आतला गर गोडसर आणि कमालीचा चिकट. रानात फिरणारी पोरं गर चोखून बी थुंकतात. आंब्या-बोरीवरचं असेल तर ठीक; कण्हेरीवरच्याला हात लावू नये.

या फळाचा खरा गिऱ्हाईक म्हणजे फुलटोच्या, जेमतेम आठ सेंटिमीटरचा पक्षी. सालीम अलींनी १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातल्या निरीक्षणांवरून या व्यवहाराचा उलगडा केला. बांडगुळाची कळी तयार झाली तरी मिटलेलीच राहते. शिंजीर किंवा फुलटोच्यानं चोचीनं दाबली की ती फट्कन उघडते आणि पराग पक्ष्याच्या तोंडावर उडतात. पुढं फळ पिकलं की फुलटोच्या ते गिळतो. त्याच्या पोटात या फळाला आडवळण नाही. काही मिनिटांत बी बाहेर पडतं, तेही चिकटासकट. ते सुटत नाही म्हणून पक्षी बूड फांदीला घासतो. झाली पेरणी! पक्षी फार लांब जात नसल्यानं बी बहुधा त्याच नाहीतर शेजारच्या झाडावर पडतं, आणि एखादंच आंब्याचं झाड बांडगुळानं भरून जातं.

मग बांडगूळ सरसकट काढूनच टाकावं का? डेव्हिड वॉटसन या पर्यावरणशास्त्रज्ञानं ऑस्ट्रेलियातल्या काही वनखंडांतून तिथली बांडगुळं पूर्ण काढून पाहिली. तीन वर्षांनी, २०१२च्या त्यांच्या निबंधानुसार, रानावर विसंबणाऱ्या पक्ष्यांच्या चौथाईहून अधिक जाती तिथं कमी झाल्या होत्या. आपल्याकडं हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळाच्याच पानांवर वाढतात. म्हणून गायरानातल्या, डोंगरातल्या झाडांवरचं बांडगूळ राहू द्यावं, असं माझं मत. फळबागेचा न्याय वेगळा. तिथं फळं पिकण्याआधीच, जोडाच्या हातभर खालून फांदी कापावी. नुसता झुपका ओरबाडला, तर सालीवरून पसरलेल्या मुळ्यांतून तो पुन्हा फुटतो.