बोलावणं दिसतं कसं?

गेल्या संक्रांतीच्या आधीची गोष्ट. आमच्या भिशीत एक नवी मैत्रीण येणार होती, तिला हिशेबाच्या ॲपमध्ये घ्यायचं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात माणसाचं डोकं-खांदे आणि शेजारी अधिकचं चिन्ह. म्हटलं, हेच ते! दाबलं. पुढे इंग्रजीत काहीतरी आलं, त्यालाही 'ओके' केलं. पाच मिनिटांत फोन वाजायला लागले. फोनमधल्या सगळ्या नंबरांना भिशीचं बोलावणं गेलं होतं! दूधवाला, गॅसवाला, धाकटीच्या क्लासच्या मॅडम... आणि आमच्या विहीणबाई. थोरलीच्या लग्नातल्या मानपानावरून दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

पुण्याची माझी भाची मोबाईलवरची ही छोटी चित्रं, म्हणजे आयकॉन काढण्याचंच काम करते. आधी ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "मावशी, तुझी चूक नाही गं. त्या चित्रात माणूस 'वाढवायचा' एवढंच दिसतं. बोलावणं वेगळं. त्याला समोरची नाहीसुद्धा म्हणू शकते. ते चित्रात कुठंय?"

योगायोग असा, की तिच्याही हातात तेव्हा आमंत्रणाच्या बटणाचंच काम होतं. रविवारी ती कागद घेऊन आमच्या भिशीतच येऊन बसली. नखाएवढी चित्रं, खाली एकही शब्द नाही. प्रत्येकीला एकच प्रश्न, "हे दाबलं तर काय होईल?" उत्तर चुकलं तरी ही गप्प! मला मेलीला राहवेना, पण तिने डोळे वटारले.

पाकीट बघून बहुतेक जणी म्हणाल्या, ई-मेल. माणूस आणि अधिकचं चिन्ह? "दवाखाना!" उघडं दार मला फार आवडलं होतं, पण ते बघून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "हे तर बाहेर पडायचं." खरंच की, लॉग-आऊटला दार आणि बाणच असतो बऱ्याच ठिकाणी. मी म्हटलं, अक्षता काढ. काढल्या, तर एवढ्याशा जागेत पडद्यावर धूळ बसल्यासारख्या दिसल्या. शिवाय आमच्यातली शबाना म्हणाली, "आमच्याकडे कुठे अक्षता देतात?" मुद्दा बरोबर होता.

भाची सांगत होती, १९८४ साली आलेल्या मॅकिन्टॉश संगणकाची चित्रं सुझन केअर या बाईंनी काढली, तीही आधी चौकटीच्या कागदावर, एकेक घर भरत. म्हणजे आपलं क्रॉस-स्टिचच की! मला आठवली १९५१-५२ ची आपली पहिली निवडणूक. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. वाचता न येणाऱ्या बायकांनीही त्यावरून मत दिलं. पण ती चिन्हं बैलजोडी, झोपडी अशी, रोजच्या बघण्यातली. 'बोलावणं' ही काही वस्तू नाही, तिचं चित्र काढायचं कसं?

शेवटी तिने पाकीटच ठेवलं. त्यातून पत्रिका अर्धी बाहेर डोकावते, आणि खाली चक्क मराठीत शब्द: 'बोलवा'. तो शब्द बघितल्यावर एकीचंही उत्तर चुकलं नाही. मला मात्र त्याहून आवडली पुढची पायरी. दाबल्यावर आधी विचारतं, 'कोणाला?', आणि निवडलेलं नाव दाखवल्याशिवाय काही जात नाही.

आणि विहीणबाई? त्या दिवशी संध्याकाळी त्यांचाच फोन आला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "भिशीचं नंतर बघू. हळदीकुंकू कधी ठेवलंय ते सांगा."