डोंगरवाटेवरची पहिली शर्यत

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हौशी सायकलस्वारांना लोणावळ्यापर्यंतचा जुना महामार्ग चांगला परिचयाचा असतो. द्रुतगती मार्गावर सायकलींना मज्जाव असल्याने कामशेत, कार्ले, लोणावळा हाच त्यांचा रविवारचा रस्ता. वर्ष-दीड वर्ष डांबरावर घालवल्यावर त्यांतील काहींना आडवाटा खुणावू लागतात. जाड टायरची माउंटन बाइक घरी येते. कार्ला फाट्यावरून मळवली, भाजे, तेथून लोहगडवाडीकडचा अंगावर येणारा चढ आणि गायमुख खिंड असा नवा मार्ग ठरतो. मग कुठल्याशा हौशी डोंगरी शर्यतीत नाव नोंदवले जाते, आणि नेमका येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. डांबरी रस्त्यावर ८० किलोमीटर हसतखेळत जाणारा गडी मुरमाच्या वाटेवर २० किलोमीटरांत गलितगात्र होतो.

या फरकाला कारण आहे. रस्त्यावरच्या शर्यतीत सायकलपटूची मुख्य झुंज वाऱ्याशी असते. पुढच्याच्या आडोशाने चालवले की बरीच शक्ती वाचते, त्यामुळे घोळक्यात दुबळाही निभावून जातो. डोंगरवाटेवर वेग कमी, वाट अरुंद. तेथे आडोशाचा उपयोग जवळजवळ नसतो. लढाई गुरुत्वाकर्षणाशी आणि सुट्या दगडगोट्यांशी असते, आणि ती ज्याची त्यालाच लढावी लागते. शिवाय श्रम एकसारखे नसतात. अर्धा मिनिट जीव तोडून चढायचे, लगेच उतारावर हात-खांदे घट्ट धरून तोल सांभाळायचा, पुन्हा चढ. पाय थकतात हे सर्वांना अपेक्षित असते. मनगटे, पाठ आणि मान आधी बोलू लागतात, हे मात्र पहिल्या शर्यतीतच कळते.

हा खेळ मुळात उतारावरचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, वजनदार सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे ‘रिपॅक’ नावाची शर्यत प्रथम झाली. उतारावर ब्रेक इतके तापत, की मागच्या चाकातील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून हे नाव. पुढे चढही त्यात आले आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइक शर्यतीचा समावेश झाला. भारतात हिमाचल प्रदेशात २००५ मध्ये ‘एमटीबी हिमालय’ सुरू झाली. महाराष्ट्राची परंपरा त्याहून जुनी, पण ती डांबरी रस्त्याची. मुंबई-पुणे शर्यतीतील ‘घाटाचा राजा’ हा किताब बोरघाटात ठरत असे.

मावळातील जमीन नवख्याची परीक्षा पाहणारी आहे. ज्या काळ्या कातळात कार्ले आणि भाजे येथील लेणी कोरली गेली, तोच कातळ फुटून, झिजून वाटेवर मुरूम आणि खडी होऊन पसरलेला असतो. उन्हाळ्यात ही खडी चाकाखाली गोट्यांसारखी घरंगळते, तर पावसाळ्यात त्याच वाटेचा चिखल होतो. अशा चढावर पॅडलवर उभे राहण्याची सवय अंगलट येते. उभे राहताच शरीराचे वजन पुढे सरकते, मागचे चाक हलके होऊन जागच्या जागी फिरते आणि स्वाराला पाय टेकावा लागतो. सीटच्या पुढच्या टोकाशी बसून, छाती हँडलकडे झुकवून, हलक्या गिअरमध्ये पाय फिरवत राहणे हाच येथला मार्ग. उतारावर उलटे करावे लागते : दोन्ही पॅडल समपातळीत, शरीर सीटवरून उचललेले आणि मागे नेलेले, कोपर व गुडघे सैल. पुढच्या ब्रेकमध्ये थांबवण्याची ताकद अधिक, परंतु सुट्या खडीवर वळणात तोच दाबला की पुढचे चाक निसटते. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ वाटेवर. टायरमध्ये हवाही रस्त्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे टायर दगडावर उड्या न मारता वाटेला धरून राहतो.

कौशल्य चार-सहा रविवारांत बऱ्यापैकी अंगवळणी पडते. कठीण भाग आहे तो सोमवार ते शनिवारचा. शहरातील नोकरदार दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत असतो. शर्यतीची तारीख जवळ आली की मिळेल त्या वेळी, मिळेल तितके दामटतो. रोजचा सराव दमछाक करणारा असला तरच तो सराव, असा त्याचा ग्रह असतो. क्रीडाशास्त्राचा अनुभव निराळा आहे. व्यायामाने स्नायूंना सूक्ष्म इजा होते. ताकद वाढते ती नंतरच्या झोपेत आणि विश्रांतीत. म्हणूनच दमसासाच्या खेळांतील अव्वल खेळाडू आपल्या सरावाचा बराच मोठा भाग, साधारण चार-पंचमांश, सहज बोलता येईल अशा संथ गतीने करतात. हौशी मंडळी मात्र ना धड संथ, ना धड वेगवान अशा मधल्याच गतीने रोज थकत राहतात.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. आठवडाभर वेळ मिळत नाही म्हणून शनिवार-रविवारीच व्यायाम करणाऱ्यांनी स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही. ब्रिटनमधील सुमारे ६३ हजार प्रौढांच्या माहितीवर आधारित २०१७ मधील अभ्यासात, एक-दोन दिवसांत व्यायाम उरकणाऱ्यांमध्येही मृत्यूचे प्रमाण निष्क्रिय लोकांपेक्षा कमी आढळले. आरोग्यासाठी हे पुरेसे असू शकते. शर्यतीसाठी ते पुरत नाही, कारण एका दिवशी एकदम पडणारा भार गुडघे आणि कंबर वसूल करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. हा शेवटचा भाग सायकलस्वार सर्रास गाळतात. सायकलवर शरीराचा भार सीट पेलते, त्यामुळे हाडांना हवा तो ताण मिळत नाही. फक्त सायकल चालवणाऱ्यांची हाडे तुलनेने कमकुवत राहू शकतात. यावरचा उपाय पुण्याच्या तालमींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांनी खांदे, कंबर, मांड्या यांची बेगमी होते. कार्ल्याला येऊन सायकल पायथ्याशी लावून एकवीरा देवीच्या पायऱ्या चढल्या तरी हाडांचे काम होते आणि दर्शनही घडते.

नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही खंडपार शर्यत पूर्ण केली. ती रस्त्यावरची असली तरी व्यवसाय सांभाळून सराव करणाऱ्या हौशी स्वारांना तिचे मोल विशेष वाटते. अर्थात दोघांनी वाटून घेतलेली ती शर्यत होती. एकट्याने सारे अंगावर घेण्याचा अट्टहास तेथेही नव्हता.

पहिल्या शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सरावाचे अंतर निम्म्यावर आणावे. राहिलेला सराव शेवटच्या तीन दिवसांत भरून निघत नाही. आरंभीच्या दहा मिनिटांत सारेच अरुंद वाट सुरू होण्याआधी पुढे घुसण्यासाठी सुसाट सुटतात. नवख्याने त्यांना जाऊ द्यावे. तासाभरापेक्षा अधिक वेळ लागणार असेल, तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत, म्हणजे साधारण दोन केळी. लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की शर्यत संपल्यावर खावी. दाण्यातील तेल पचायला वेळ घेते.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी नाव नोंदवण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. अंगात ताप असताना शर्यतीत उतरणे तर सर्वथा टाळावे. काही विषाणूजन्य आजारांत हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि जोरकस श्रम तेव्हा जिवावर बेततात. छातीत दडपण, भोवळ किंवा अनियमित धडधड जाणवली, तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. शर्यतीनंतर लघवी काळपट, चहासारखी झाली तर स्नायू मोठ्या प्रमाणात मोडल्याची ती खूण असू शकते; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी सलग काही दिवस नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त लागत असेल, झोप उडाली असेल, सायकलकडे पाहवत नसेल, तर शरीराला विश्रांती हवी आहे.

शर्यतीनंतरचा आठवडा हलक्या फेऱ्यांचा. चेन धुऊन तेल घालावे, चाकांच्या तारा तपासाव्यात. पडताना हेल्मेट दगडावर आपटले असेल, तर वरून तडा दिसत नसला तरी ते टाकून नवे घ्यावे. आतला थर एकदा दबला की पुढच्या वेळी तो डोके वाचवत नाही.