जीएसटी आला म्हणून मनोरंजन कर संपला?

होळकर मैदानावर सामना जाहीर झाला की इंदूरमध्ये पोह्याच्या ठेल्यापासून राजवाड्याच्या चौकापर्यंत एकच चर्चा सुरू होते. कुणाला खेळवायचे, कुणाला बसवायचे, तिकिटे कधी निघणार, आणि मग कुणीतरी ठासून सांगतो, "तिकिटावर जीएसटी भरतो ना आपण? मग महापालिका मनोरंजन कर कशाचा घेते? जीएसटी आला तेव्हाच तो कर संपला. ही सगळी बेकायदा वसुली आहे, भिया!" आजूबाजूचे सगळे मान डोलावतात. दुकानाचे जीएसटी रिटर्न दर महिन्याला स्वतः भरणारी माणसेही मान डोलावतात, आणि मला राग येतो तो तिथेच.

कारण हे विधान साफ चुकीचे आहे. त्यासाठी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, राज्यघटना उघडून पाहिली तरी पुरे.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राने कोणते कर लावायचे आणि राज्यांनी कोणते, याच्या याद्या आहेत. राज्यसूचीतली ६२ क्रमांकाची नोंद चैनीच्या वस्तू, करमणूक, पैजा आणि जुगार यांवरच्या करांची होती. या अधिकाराखाली राज्ये करमणूक कर, म्हणजेच मनोरंजन कर, घेत असत. महाराष्ट्रात तर करमणूक शुल्काचा कायदा १९२३ चा, म्हणजे घटनेच्याही आधीचा. जीएसटीसाठी २०१६ मध्ये १०१ वी घटनादुरुस्ती झाली आणि तिने ही ६२ वी नोंद बदलली. लोक इथपर्यंतचे ऐकून थांबतात. नोंद बदलली हे खरे, पण ती पुसली गेली नाही. नव्या नोंदीचा अर्थ असा: मनोरंजन आणि करमणुकीवरचे कर, पण पंचायत, नगरपालिका, प्रादेशिक परिषद किंवा जिल्हा परिषद जेवढे आकारील आणि वसूल करील तेवढेच.

म्हणजे १ जुलै २०१७ ला राज्य सरकारचा करमणूक कर जीएसटीत विरला. स्थानिक संस्थांचा करमणूक कर मात्र घटनेने जाणूनबुजून, शब्द लिहून शिल्लक ठेवला. कुणाच्या नजरचुकीने राहिलेली ही फट नाही. जकात आणि प्रवेशकर गेल्यावर शहरांच्या हातात उत्पन्नाचे काहीतरी साधन राहावे, म्हणून हा दरवाजा उघडा ठेवलेला आहे.

मग गैरसमज इतका घट्ट का बसला? कारण जीएसटी आला तो 'एक देश, एक कर' या घोषणेवर स्वार होऊन. घोषणा लक्षात राहिली आणि कायदा वाचायचा राहून गेला. पेट्रोल, डिझेल, दारू जीएसटीबाहेर आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते, कारण ते रोज खिशाला जाणवते. करमणूक कराशी गाठ पडते वर्षातून एखाद्या वेळी, तीही सामन्याच्या धांदलीत.

हे नुसते कागदावरचे आहे, असेही कुणी म्हणू नये. जीएसटी लागू झाला त्याच आठवड्यात, ३ जुलै २०१७ पासून, तामिळनाडूतल्या चित्रपटगृहांनी पडदे बंद ठेवले. जीएसटीच्या वर ३० टक्के स्थानिक करमणूक कर आला होता. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशातली मल्टिप्लेक्स याच कारणाने बंद राहिली. त्या दिवसांत इंदुरात सिनेमा न पाहता घरी परतलेली माणसे आज सांगतात की असा करच नाही! आणि क्रिकेटचेच उदाहरण हवे असेल तर १५ जानेवारी २०२३ चा तिरुवनंतपुरमचा भारत-श्रीलंका सामना आठवा. तिथे आधीच्या सामन्याला ५ टक्के असलेला करमणूक कर या सामन्याला १२ टक्के झाला आणि त्यावरून मोठे वादंग उठले. विराट कोहलीच्या नाबाद १६६ धावा आणि भारताचा ३१७ धावांनी विजय, आणि हे पाहायला गॅलरी बऱ्याच अंशी रिकामी. कर बेकायदा होता म्हणून हा वाद झाला नाही. तो कायदेशीर असूनही जाचक होऊ शकतो, हा त्या वादाचा मुद्दा होता.

इथे नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. घटनेने परवानगी दिली म्हणजे महापालिकेला मनाला येईल तो आकडा लावता येतो, असे मुळीच नाही. ६२ वी नोंद राज्यसूचीत आहे, म्हणून कायदा करण्याचा अधिकार विधानसभेचा. त्या कायद्याने आणि नियमांनी जेवढा अधिकार दिला असेल, तेवढ्याच मर्यादेत महापालिका कर घेऊ शकते. तेव्हा "हा कर संपला" असे म्हणणे चूक आहे. "हा दर कोणत्या नियमाखाली लावला, कशाच्या रकमेवर लावला, पावती कुठे आहे" असे विचारणे बरोबर आहे, आणि ते प्रत्येकाने विचारावे.

"एकाच तिकिटावर दोनदा कर कसा?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. घर विकत घेताना मुद्रांक शुल्क भरतो आणि मग दरवर्षी मालमत्ता करही भरतो. घर तेच, पण कर घेणारे वेगळे आणि त्यांचे अधिकारही वेगळे. तिकिटाचेही तसेच आहे.

आता प्रत्यक्ष तिकीट हातात घेऊन हिशेब करू. भारत विरुद्ध दुसरा देश असा सामना जीएसटीच्या नियमांत 'मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धा' ठरतो, कारण संघ देशाचे प्रतिनिधित्व करतात. अशा सामन्याचे तिकीट ५०० रुपयांपर्यंतचे असेल तर जीएसटी शून्य. त्याच्या वर गेले की १८ टक्के, तेही पूर्ण रकमेवर. म्हणजे मूळ किंमत १,००० रुपये असेल तर जीएसटी १८० रुपये. ५०० च्या वरच्या रकमेवरच कर लागतो, हा आणखी एक लाडका गैरसमज. आयपीएलचे गणित वेगळे, कारण तिथे फ्रँचायझींचे संघ खेळतात. त्या तिकिटावर पूर्वी २८ टक्के होते आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहेत, म्हणजे त्याच १,००० रुपयांवर ४०० रुपये. होळकर मैदानावर कोची टस्कर्स खेळले, नंतर किंग्ज इलेव्हन पंजाब खेळले. खुर्ची तीच, ऊन तेच, पण सामना कोणाचा यावर कराचा दर बदलतो. स्थानिक करमणूक कर असला तर तो या जीएसटीपासून वेगळा मोजायचा असतो.

दुसरा गैरसमज २०१८ चा. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला इंदुरात होणारा भारत-वेस्ट इंडीज सामना विशाखापट्टणमला गेला. महापालिकेच्या करामुळे गेला, असे आजही काही जण छातीठोकपणे सांगतात. तो गेला फुकट पासांच्या भांडणामुळे. बीसीसीआयच्या नव्या घटनेनुसार ९० टक्के तिकिटे जनतेसाठी विकायची होती आणि मानार्थ पास १० टक्क्यांवर जाऊ द्यायचे नव्हते. मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेचे म्हणणे होते की पॅव्हेलियनमधल्या ७,००० जागांचे १० टक्के म्हणजे ७०० जागा, आणि त्यातले निम्मे पास बीसीसीआयला दिले तर सदस्यांना, सरकारी यंत्रणांना काय द्यायचे? तडजोड झाली नाही. सामना विशाखापट्टणमला झाला आणि बरोबरीत सुटला. विराट कोहलीने एकदिवसीय क्रिकेटमधली दहा हजारावी धाव त्याच दिवशी काढली. ती धाव इंदूरने पाहायची होती. काहीशे पासांपायी अख्ख्या शहराने ती गमावली, याची हळहळ मला आजही आहे.

कर आणि पास हे दोन धागे एकमेकांत गुंततात, हेही मान्य करायला हवे. ऑक्टोबर २०२२ च्या भारत-दक्षिण आफ्रिका सामन्याच्या तोंडावर महापालिकेचे पथक कराच्या थकबाकीसाठी क्रिकेट संघटनेच्या कार्यालयात गेले, तेव्हा पास न दिल्यामुळे हे घडले असा आरोप संघटनेने जाहीरपणे केला होता. आरोपाची शहानिशा ज्याने त्याने करावी. पण वसुलीमागचा हेतू संशयास्पद वाटला म्हणून करच अस्तित्वात नाही, असे ठरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत, तर दोन्हींची उत्तरे हातातून निसटतात.

इंदूरच्या क्रिकेटविषयीचे बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"२०२३ मध्ये डकवर्थ-लुईसने आपल्या धावा कापल्या." नाही. २४ सप्टेंबरला भारताने ३९९ केल्या आणि पावसानंतर ऑस्ट्रेलियापुढे ३३ षटकांत ३१७ चे लक्ष्य आले. भारताच्या नुसत्या धावगतीने ३३ षटकांच्या धावा २६४ च्या आसपास भरल्या असत्या. षटके कमी झाली पण विकेट कमी झाल्या नाहीत, म्हणून लक्ष्य उलट वाढवलेले होते. आपण ९९ धावांनी जिंकलो.

"खेळपट्टीमुळे होळकर मैदानावर बंदी आली होती." कधीच नाही. मार्च २०२३ च्या कसोटीनंतर खेळपट्टीला 'खराब' शेरा आणि तीन दोषगुण मिळाले होते. बीसीसीआयच्या अपिलानंतर शेरा सौम्य झाला आणि एकच दोषगुण उरला.

"तीन षटकांत बंद पडलेला सामना याच मैदानावरचा." तो २५ डिसेंबर १९९७ चा, नेहरू स्टेडियमवरचा.

"रणजी करंडक मध्य प्रदेशने अनेकदा जिंकला आहे." होळकर संघाने चार वेळा जिंकला, तो संस्थानाचा संघ. मध्य प्रदेशचे पहिले विजेतेपद जून २०२२ चे, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना, तेही मुंबईला हरवून.

  

पुन्हा मूळ मुद्द्याकडे येतो. "हा कर बेकायदा आहे" असे ओरडणाऱ्या माणसाला महापालिकेचा कुणीही कारकून एका वाक्यात गप्प करू शकतो, कारण कायदा त्याच्या बाजूने आहे. "दर किती, नियम कोणता, तिकिटावर तो वेगळा का छापलेला नाही, सामन्याची किती तिकिटे खरोखर खिडकीपर्यंत पोहोचली, किती पास वाटले" असे विचारणाऱ्याला मात्र कुणालाही टाळता येत नाही. रात्रभर तिकिटासाठी रांगेत उभा राहणारा प्रेक्षक हे प्रश्न विचारायला पूर्ण पात्र आहे. पुढचा सामना जाहीर होईल तेव्हा पोह्याच्या ठेल्यावर वाद जरूर घाला, फक्त तिकीट खिशातून काढून, त्यावरचे बारीक अक्षर वाचून घाला.