नवे द्रव्य की नवा नियम?

वर फेकलेला चेंडू मंदावत जातो, कारण पृथ्वी त्याला मागे ओढीत असते. विश्वाचेही असेच असावे, असा शास्त्रज्ञांचा समज होता. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे हबल यांनी १९२९ मध्ये दाखविले. परस्परांच्या आकर्षणाने ही धाव कधीतरी मंदावयास हवी होती. परंतु १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या दोन गटांना उलटेच आढळले. ते तारे अपेक्षेहून अंधुक, म्हणजेच अधिक दूर होते. प्रसरणाचा वेग वाढतो आहे! या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

असे का व्हावे? रूढ उत्तर आहे 'कृष्ण ऊर्जा'. विश्वाचा सुमारे ६८ टक्के भाग तिने व्यापला आहे, असे मानतात. पण तिचे स्वरूप कोणालाच ठाऊक नाही. म्हणून काहीजण विचारतात, आपला गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा असेल तर?

विज्ञानाच्या इतिहासात दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. युरेनसची चाल गणिताशी जुळेना, तेव्हा ल व्हेरिए यांनी एक अज्ञात ग्रह कल्पिला आणि १८४६ मध्ये नेपच्यून खरोखरच सापडला. बुधाच्या कक्षेतही शतकाला ४३ विकलांचा फरक उरत होता. त्यासाठी त्यांनी 'व्हल्कन' नावाचा ग्रह सुचविला. तो मात्र कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी न्यूटनचा नियमच सुधारला आणि हिशेब जुळला.

आता आइन्स्टाइन यांच्याही समीकरणांत भर घालणारे सिद्धांत मांडले जात आहेत. कोणी वक्रतेची नवी पदे जोडतात. तर कोणी म्हणतात, अतिप्रचंड अंतरावर गुरुत्वाकर्षण पाचव्या मितीत झिरपते. अट मात्र कडक आहे. बदल अब्जावधी प्रकाशवर्षांवर जाणवावा, पण सूर्यमालेत त्याचा मागमूसही दिसू नये.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी या सिद्धांतांची परीक्षा झाली. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांचा प्रवास करून अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर पोहोचले. म्हणजे दोहोंचा वेग जवळजवळ एकच! गुरुत्वीय लहरींचा वेग निराळा मानणारे कितीतरी सिद्धांत त्या दिवशी बाद झाले. काही अद्याप टिकून आहेत.

कृष्ण ऊर्जा हा उद्याचा नेपच्यून ठरेल की व्हल्कन, याचा निवाडा तर्काने होणार नाही. तो आकाशाकडेच मागावा लागेल.