संघ, शहर आणि बाजारपेठ : गहुंजे मैदानाचे अर्थकारण

व्यावसायिक क्रीडासंघ कोणत्या शहरात ठेवावा, हा प्रश्न वरकरणी क्रीडाप्रेमाचा वाटतो; वस्तुतः तो हिशेबाचा आहे. मावळ तालुक्यातील गहुंजे येथील क्रिकेट मैदानाच्या उदाहरणाने तो समजून घेऊ.

मार्च 2010 मध्ये सहारा समूहाने इंडियन प्रीमियर लीगमधील पुण्याच्या संघाचे हक्क 37 कोटी डॉलर, म्हणजे सुमारे 1,702 कोटी रुपये, देऊन घेतले. ही रक्कम दहा वर्षांत, दरवर्षी सुमारे 170 कोटी याप्रमाणे फेडावयाची होती. खर्चाची बाजू अशा रीतीने आधीच पक्की झाली होती, उत्पन्नाची नव्हे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. बोलीच्या वेळी एका हंगामात 94 सामने गृहीत धरलेले होते. 2011 चा कार्यक्रम 74 सामन्यांचाच आखला गेला. सामने घटले की प्रक्षेपण, जाहिरात आणि तिकीट ही तिन्ही उत्पन्ने आक्रसतात. हप्ता मात्र तेवढाच राहतो. शिवाय गहुंजेचे मैदान तयार नसल्याने पहिल्या हंगामातील ‘घरचे’ सामने नवी मुंबईत झाले. (‘घरचे मैदान’ या रूढ शब्दप्रयोगातील ‘घर’ येथे फारच उदार अर्थाने घ्यावे लागते.) मैदानाचे उद्घाटन एप्रिल 2012 मध्ये झाले आणि ऑक्टोबर 2013 मध्ये शुल्काच्या वादातून संघाचा करारच रद्द झाला.

कॅनडातील विनिपेग शहराने 1996 मध्ये आपला आइस हॉकी संघ असाच गमावला. तेथे खेळाडूंचे वेतन अमेरिकी डॉलरमध्ये व तिकिटांचे उत्पन्न घसरत्या कॅनेडियन डॉलरमध्ये होते. म्हणून त्या शहराला प्रेक्षक असूनही संघ परवडेना. आपल्याकडे चित्र निराळे आहे. आयपीएलमध्ये मुख्य उत्पन्न प्रक्षेपणहक्कांच्या सामाईक निधीतून येते. त्यामुळे संघाचे स्थानिक प्रेक्षकांशी असलेले आर्थिक नाते मुळातच सैल राहते. माझ्या मते पुण्याचा प्रश्न प्रेक्षकांच्या अनास्थेचा कधीच नव्हता.

पुढे दोन संघांवरील बंदीमुळे रिकाम्या झालेल्या जागेवर 2016 व 2017 या दोनच हंगामांसाठी गोएंका समूहाचा पुणे संघ आला. सामाईक निधीतील वाटा सोडून, उलट मंडळालाच दरवर्षी 16 कोटी रुपये देण्याची त्याची बोली होती. 2016 च्या दुष्काळात मैदानांसाठी लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश झाला. पुण्याचा संघ विशाखापट्टणमला खेळू लागला. बाजारपेठेच्या गणितात पाण्याचा आकडा कोणीच मांडला नव्हता. 2017 मध्ये हा संघ अंतिम सामना केवळ एका धावेने हरला, आणि मुदत संपताच विसर्जित झाला.

त्याच समूहाने 2021 मध्ये 7,090 कोटी रुपयांची बोली लावून नवा संघ घेतला, तो लखनौचा. गहुंजेला 2023 च्या विश्वचषकातील पाच सामने मिळाले. पुण्याच्या नावाचा आयपीएल संघ मात्र 2017 नंतर झालेला नाही.