मोयामोया आजार: रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो आणि काय सांगत नाही?

मागच्या भागात आपण सीबीसीचा रिपोर्ट ओळीओळीने कसा वाचायचा ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. रक्तात सूज दाखवणारे आकडे असतात, तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार त्यांवरून आधीच कळू शकतो का? आज हा प्रश्न एका दुर्मीळ आजाराच्या आधाराने समजून घेऊ. त्या आजाराचं नाव मोयामोया.

हाच आजार का, तेही सांगतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रायपूरला काम करतो. काही वर्षांपूर्वी सात वर्षांच्या एका मुलीचे सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी हे रिपोर्ट माझ्या सहीने गेले. कागदावर तक्रार म्हणून फक्त ‘अशक्तपणा’ लिहिलं होतं. वडिलांनी विचारलं, "डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे ना?" मी म्हणालो, "हो, सगळं नॉर्मल आहे." रिपोर्ट खरोखरच नॉर्मल होता. चार महिन्यांनी त्या मुलीला पक्षाघात झाला, एमआरआय झाला आणि मोयामोया सापडला. मग कळलं की ती जोरात रडली की तिचा उजवा हात दहा-पंधरा मिनिटं लुळा पडायचा आणि पुन्हा नीट व्हायचा. घरच्यांना ते हट्टाचं नाटक वाटायचं. रक्त नॉर्मल आलं म्हटल्यावर त्यांनी पुढची तपासणी केलीच नाही. त्या दिवशी मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: तपासणी नेमकी कशासाठी सांगितली आहे?

आजार काय आहे?

गळ्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक मोठी धमनी मेंदूकडे जाते. मोयामोयात या धमन्यांचं कवटीच्या आतलं टोक, जिथे त्यांना फांद्या फुटतात, हळूहळू अरुंद होत जातं. बहुतेक वेळा हे दोन्ही बाजूंना होतं. रक्त कमी पडू लागलं की शरीर पर्यायी वाट शोधतं. मेंदूच्या तळाशी केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं. अँजिओग्राफीत हे जाळं धुराच्या लोटासारखं दिसतं. जपानी भाषेत अशा धुरकटपणाला ‘मोयामोया’ म्हणतात. जपानमध्ये या आजाराचं वर्णन १९५७ साली झालं आणि १९६९ साली सुझुकी आणि ताकाकू या डॉक्टरांनी हे नाव रूढ केलं. आजार पूर्व आशियात जास्त दिसतो, पण भारतातही आढळतो. लहान मुलांत तो बहुधा रक्तपुरवठा कमी पडल्याने त्रास देतो. मोठ्या माणसांत हे बारीक जाळं फुटून मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो.

रडल्यावर हात लुळा का पडायचा? जोरात रडताना श्वास भराभर चालतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. निरोगी मुलाला याने काही होत नाही. जिथे आधीच जेमतेम रक्त पोचतंय, तिथे तेवढंही पुरतं. फुगा फुगवताना, बासरी वाजवताना, गरम जेवणावर फुंकर मारताना असंच होऊ शकतं.

सूज मोजायची म्हणजे काय मोजायचं?

वैद्यकात सूज म्हणजे फक्त पाय सुजणं नव्हे. जंतू, जखम किंवा पेशींची हानी झाली की शरीर जी प्रतिक्रिया देतं, तिला आपण इथे सूज म्हणतोय. तिचे तीन आकडे तुमच्या रिपोर्टमध्ये सहज सापडतात.

पहिला सीआरपी. हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. संसर्ग झाला की काही तासांत वाढतं आणि कारण संपलं की लवकर उतरतं.

दुसरा ईएसआर. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, ते हा सांगतो. स्वस्त चाचणी आहे, पण तिला फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच. अॅनिमिया असला तर सूज नसतानाही ईएसआर वाढतो. उलट सिकलसेलच्या रुग्णात पेशींचा आकार वेडावाकडा असल्याने त्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत आणि सूज असूनही ईएसआर कमी येऊ शकतो.

तिसरा आकडा वेगळा छापलेला नसतो, पण सीबीसीवरून काढता येतो. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागायचं. न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील तर गुणोत्तर २. निरोगी प्रौढात ते साधारण १ ते ३ च्या आसपास असतं. शरीरावर ताण आला की न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात आणि आकडा चढतो. मोयामोयाच्या संदर्भात सध्या संशोधनात ज्याची चर्चा आहे, तो हाच आकडा.

मोयामोयाचा सुजेशी संबंध आहे का?

आहे, पण तो सरळ नाही. या आजारातली धमनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर आतला थर जाड झालेला दिसतो, लवचिक पडदा वळ्या पडलेला दिसतो आणि मधला थर पातळ झालेला असतो. रक्तवाहिनीच्या नेहमीच्या दाहात भिंतीत पांढऱ्या पेशींची गर्दी असते, तशी इथे सहसा नसते. म्हणूनच जुन्या पुस्तकांत हा आजार ‘बिनसुजेचा’ मानला जायचा.

२०११ साली आरएनएफ-२१३ या जनुकाचा संबंध सापडला. जपानमधल्या बहुसंख्य रुग्णांत या जनुकातला एक ठरावीक बदल दिसतो. पण तिथल्या शंभरातल्या एक-दोन निरोगी माणसांतही तोच बदल असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना आजार होत नाही. म्हणजे जनुकाच्या जोडीला आणखी काहीतरी घडावं लागतं. इंटरफेरॉनसारखे सुजेचे संदेश मिळाले की पेशीत हे जनुक जास्त काम करू लागतं. २०२१ साली असंही दिसलं की त्याचं प्रथिन पेशीत शिरलेल्या काही जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणावर खूण चिकटवतं, म्हणजेच ते प्रतिकारशक्तीच्या कामात भाग घेतं. त्यामुळे दुसरा धक्का संसर्गाचा किंवा सुजेचा असेल का, हा संशोधकांचा प्रश्न रास्त आहे.

पूर्व आशियातल्या रुग्णालयांनी जुन्या नोंदी तपासल्या. रुग्णांच्या गटात न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर निरोगी गटापेक्षा सरासरीने जास्त आढळलं. काही अभ्यासांत शस्त्रक्रियेपूर्वीचा चढा आकडा आणि नंतरची गुंतागुंत यांचा संबंधही दिसला. इथवर ठीक.

मग या आकड्यावरून निदान का करत नाहीत?

याची चार कारणं आहेत.

एक, कारण आणि परिणाम यांची गल्लत. पक्षाघात झाला की काही तासांत न्यूट्रोफिल वाढतात. रुग्ण झटक्यानंतर दाखल झाला आणि मग रक्त घेतलं, तर वाढलेला आकडा आजाराचा की झटक्याचा, हे त्यातून कळत नाही.

दोन, वय. चार वर्षांच्या निरोगी मुलात न्यूट्रोफिल ४० आणि लिम्फोसाइट ५० टक्के असू शकतात. गुणोत्तर ०.८. मोठ्यांचा मापदंड लावला तर हा आकडा विचित्र वाटेल, पण त्या वयाला तो अगदी योग्य आहे.

तीन, बाकीच्या गोष्टी. स्टेरॉइडची गोळी, सर्दी-ताप, दाढेचा पू, सुई टोचताना घातलेला गोंधळ, यांपैकी काहीही हा आकडा हलवू शकतं.

चार, आजाराचा दुर्मीळपणा. समजण्यापुरता एक हिशेब मांडू, आकडे मानलेले आहेत. एक लाख लोकांत दहा जणांना मोयामोया आहे असं धरा. एखादी रक्तचाचणी शंभरातले ८० रुग्ण ओळखते आणि शंभर निरोगी माणसांतल्या २० जणांना चुकून रुग्ण ठरवते. ती सगळ्यांची केली तर खरे रुग्ण सापडतील आठ आणि जवळपास वीस हजार निरोगी माणसांची झोप उडेल. शिवाय दोन खरे रुग्ण ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातील. माझ्याकडची ती मुलगी अशीच गेली.

रक्ततपासणीचा उपयोग कुठे आहे?

निदान एमआरआय, एमआर अँजिओग्राफी आणि गरजेनुसार कॅथेटर टाकून केलेल्या अँजिओग्राफीवर होतं. रक्ततपासणी पुढचा प्रश्न सोडवते: धमन्या अरुंद झाल्या त्या कशाने? कारण असंच चित्र इतर आजारांतही दिसतं.

आमच्या छत्तीसगडमध्ये, विदर्भात, मध्य प्रदेशात, ओडिशात आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलच्या मुलांतही मेंदूच्या धमन्या अशाच अरुंद होऊ शकतात. त्यांच्या पांढऱ्या पेशी एरवीही जास्त असतात, त्यामुळे सुजेचा आकडा इथे आणखी फसवा. त्यांना उपयोगी पडते ती डॉप्लर तपासणी. सिकलसेल अॅनिमिया असलेल्या २ ते १६ वर्षांच्या मुलांत दरवर्षी डोक्याचा डॉप्लर करून पक्षाघाताचा धोका आधी ओळखता येतो आणि नियमित रक्त देऊन तो बराच कमी करता येतो.

दुसरा आपल्याकडचा आजार क्षयाचा मेंदूज्वर. त्यात मेंदूच्या तळाशी खरीखुरी सूज असते आणि धमन्या आवळल्या जातात. ताप, वजन घटणं, वाढलेला ईएसआर दिसला तर डॉक्टर पाठीतून पाणी काढून तपासतात, कारण उपचार पूर्ण वेगळे आहेत. थायरॉइडचा ग्रेव्हज आजारही याच कारणासाठी तपासतात.

उपचारांबद्दल थोडक्यात

अरुंद होणाऱ्या धमन्या थांबवणारं सिद्ध औषध आज नाही. सूज उतरवायच्या गोळ्या किंवा काढे घेऊन गुणोत्तर खाली आणल्याने मेंदूला जास्त रक्त मिळत नाही. रक्तपुरवठा वाढवण्याचा मार्ग शस्त्रक्रियेचा आहे. टाळूच्या कातडीतली धमनी मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमनीला जोडतात किंवा मेंदूवर नुसती टेकवून ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत काही महिन्यांत तिथून नव्या वाहिन्या फुटतात आणि मुलांत याचा चांगला उपयोग होतो. अॅस्पिरिन द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतात, कारण काही रुग्णांत रक्तस्रावाचा धोका असतो. या मुलांना पाणी कमी पडू देऊ नये.

लक्षात ठेवायचं ते एवढंच. हात-पाय काही मिनिटं लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं आणि पुन्हा नीट झालं, तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. जमलं तर मोबाइलवर त्या क्षणाचा व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तर विचारा, "या तपासणीने कोणता आजार नाही हे ठरलं आणि कोणता अजून पाहायचा राहिला?"

ती मुलगी आता दहावीत आहे. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली, ती डाव्या हाताने लिहिते. माझ्याकडे आता रक्त द्यायला कुणीही आलं की मी आधी त्रास काय होतो ते विचारतो आणि रिपोर्टवर लिहितो. पुढच्या भागात थायरॉइडच्या रिपोर्टबद्दल बोलू.