विंचूदंश : महाडचे संशोधन आणि प्राथमिक शाळा

वैद्यकशास्त्रातील नवे शोध म्हटले म्हणजे मोठ्या शहरांतील प्रयोगशाळा, मौल्यवान यंत्रे व परदेशातील विद्यापीठे ह्यांचे चित्र विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. शिक्षकांचीही समजूत बहुधा ह्याहून निराळी नसते. रायगड जिल्ह्यातील शिक्षकास मात्र ह्या समजुतीचे निरसन करण्यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूर व महाड ह्यांवरून वाहत जाऊन हरिहरेश्वरानजीक समुद्रास मिळते. ह्याच नदीच्या खोऱ्यात विंचूदंशावरील उपचाराचे जे संशोधन झाले, त्याने जगातील वैद्यकीय ग्रंथांत बदल घडवून आणला. विषय शाळेच्या निकटचा आहे. विंचू मोठ्या माणसास दंश करो वा बालकास, विष साधारणपणे तेवढेच टोचले जाते. परंतु बालकाचे शरीर लहान असल्याने त्याला धोका अधिक असतो.

प्रथम विंचवाविषयी. कोकणात सामान्यतः दोन प्रकारचे विंचू लोकांच्या परिचयाचे आहेत. एक मोठा, काळा, जाड नांग्यांचा. त्यास इंगळी म्हणतात. दुसरा लहान, तांबूस, बारीक नांग्यांचा व जाड शेपटीचा. इंगळीचे रूप भयंकर असल्याने लोक तिला अधिक भितात, पण जिवास अपाय करणारा आहे तो हा लहान लाल विंचूच. शास्त्रीय परिभाषेत त्यास ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’ असे नाव आहे. बारीक नांगी व जाड शेपटी ही तीव्र विषाची खूण होय, हा ठोकताळा वर्गात फळ्यावर आकृती काढून सहज समजावता येईल. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण निरीक्षणातूनच आलेली आहे. मादी अंडी घालीत नाही. ती जिवंत पिलांना जन्म देते आणि त्यांची पहिली कात पडेपर्यंत त्यांना पाठीवर वागविते. पिले आईस खाऊन टाकतात ही समजूत मात्र निराधार आहे. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की, अतिनील प्रकाशात विंचवाचे कवच निळसर हिरव्या रंगाने चमकते. हा गुण १९५४ पासून शास्त्रज्ञांस ठाऊक आहे, आणि आता बाजारात मिळणाऱ्या अतिनील विजेरीच्या साहाय्याने अंधारातही विंचू शोधून काढता येतो.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे जिल्ह्याचे नाव अद्याप कुलाबा असे असताना, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी काम करू लागले. विंचूदंशाचे रुग्ण त्यांच्याकडे वारंवार येत आणि त्यांतील कित्येक, विशेषतः मुले, दगावत. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत ह्या विषयावर उपयोगी असे फारच थोडे होते. वेदनाशामक औषधे, स्टेरॉइड, ॲट्रोपिन असे नाना उपाय चालत. त्यांतील काहींनी रुग्णाची अवस्था अधिकच बिघडे. डॉ. बावस्करांनी जे केले ते वर्णन करण्यास सोपे व आचरण्यास फार कठीण आहे. ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा थंडपणा, श्वास ह्यांच्या नोंदी त्यांनी वेळ घालून लिहून ठेवल्या. मृत्यू कशाने येतो, हा प्रश्न त्यांनी पुस्तकाऐवजी रुग्णास विचारला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या नोंदींतून १९८२ साली इंग्लंडमधील ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. विषय होता, लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयास धोका संभवतो हे आधीच सुचविणारी लक्षणे. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, तोंडास लाळ सुटणे आणि मुलग्यांमध्ये जननेंद्रियास ताठरता येणे ही ती लक्षणे होत. शेवटचे लक्षण संकोचाने लपविले जाते. तसे होऊ नये, कारण ते निदानास फार उपयोगी आहे. येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याला दंशाच्या जागी असह्य वेदना होतात, पण ही लक्षणे दिसत नाहीत, तो रुग्ण बहुधा धोक्याबाहेर असतो. उलट ज्या मुलाची वेदना बेताची आहे, परंतु जे घामाने निथळत आहे व ज्याला उलट्या होत आहेत, त्याच्या जिवावर संकट आहे असे समजावे. मोठ्याने रडणाऱ्या मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते आणि निमूट पडून राहिलेल्या मुलाकडे कोणाचे जात नाही. शिक्षकाने नेमके ह्याच्या उलट वागावयाचे आहे.

विष शरीरात काय करते? मज्जातंतूंच्या टोकांशी सोडियमच्या कणांना आत घेणाऱ्या सूक्ष्म वाटा असतात. विष त्या वाटा उघड्याच ठेवते. त्यामुळे मज्जातंतू सतत उत्तेजित राहून ॲड्रिनॅलिन व तत्सम द्रव्यांचा शरीरात पूर लोटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयास त्या अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलावे लागते व ते थकते. खाडीकाठच्या शिक्षकास हे लगेच उमजेल. खारबंदिस्तीची उघाडी मिटली आणि वरून पावसाचे पाणी येतच राहिले, तर ते शेतातच तुंबते. त्याप्रमाणे पुढची वाट आवळली गेल्याने रक्त मागे तुंबते, त्यातील पाणी फुफ्फुसांत झिरपते, आणि रुग्ण कोरड्या जमिनीवर बुडाल्यासारखा गुदमरतो.

कारण समजल्यावर उपायाची दिशा दिसू लागली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करावयाच्या, म्हणजेच उघाडी उघडावयाची. प्राझोसिन हे औषध रक्तदाब कमी करण्यासाठी आधीपासून वापरात होते. गोळी स्वस्त, तोंडाने देण्याजोगी, खेड्यात ठेवता येण्याजोगी. विंचूदंशात तिचा उपयोग होतो हे डॉ. बावस्करांनी दाखविले व १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर विषबाधा झालेल्या शंभर रुग्णांपैकी तीस ते चाळीस दगावत. प्राझोसिनच्या वापरानंतर हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले, असे त्यांच्या लेखांत नमूद आहे. शंभर बालकांचा पट डोळ्यांपुढे आणला म्हणजे ह्या आकड्यांचा अर्थ शिक्षकास निराळा सांगावा लागणार नाही.

संशोधन येथे थांबले नाही. मुंबईच्या हाफकिन येथे लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष लस तयार झाली होती. ती खरोखर उपयोगी आहे काय? ट्युनिशिया देशात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तेथील विंचवांच्या दंशावर सरसकट प्रतिविष देऊन फायदा आढळला नव्हता. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात २००९ साली बालकांवरील लहान चाचणीत तो स्पष्ट दिसला होता. विंचू निराळा, विष निराळे, तेव्हा परक्या प्रांताचे उत्तर उसने घेऊन भागणारे नव्हते. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्या दांपत्याने महाड येथेच ७० रुग्णांची चाचणी घेतली. कोणास काय द्यावयाचे हे वैद्याच्या मर्जीवर न ठेवता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले. ३५ जणांस प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही, ३५ जणांस केवळ प्राझोसिन. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३२ व दुसऱ्या गटात ८ होते. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा अहवाल छापला. डॉ. हिंमतराव बावस्करांस २०२२ साली पद्मश्री देण्यात आली.

आता लोकव्यवहाराकडे वळावे लागेल, कारण औषध सापडले तरी रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. गावोगाव विंचू ‘उतरविणारे’ असतात. कोठे मंत्र, कोठे झाडपाला, कोठे चिंचोका घासून दंशाच्या जागी चिकटविण्याची रीत. त्यांवरील श्रद्धा मूर्खपणाची आहे असे म्हणून शिक्षकाने ग्रामस्थांस दुखवू नये. त्या श्रद्धेचे कारण समजावून द्यावे. विंचूदंश झालेल्या बहुसंख्य लोकांस केवळ वेदना होतात व त्या काही तासांनी आपोआप शमतात. तेवढ्या अवधीत मंत्र घातला गेला, तर यश मंत्राच्या पदरी पडते. ज्या थोड्यांच्या शरीरात विष पुरेसे गेले, त्यांच्या बाबतीत मात्र तेच तास बहुमोल असतात. महाडच्या चाचणीत दोन गट का केले, ह्याचे उत्तरही येथेच आहे. जो आपोआप बरा होणार होता व जो औषधाने बरा झाला, ह्यांतील भेद तुलनेवाचून कळत नाही. सातवीच्या मुलांना ही गोष्ट उत्तम समजते. मोठ्यांना पटण्यास थोडा अधिक वेळ लागतो.

शाळेपुरते पाहावयाचे तर विंचवाची ठिकाणे ठरलेली आहेत : जांभ्या दगडांचे गडगे, जळाऊ लाकडांची रास, उतरवून ठेवलेली कौले, नारळाच्या झावळ्या व सोडणे, पेंढा. ह्या वस्तू वर्गाच्या भिंतीलगत रचू देऊ नयेत. दप्तर, पादत्राणे व सतरंजी झटकून घेण्याची सवय मुलांस लावावी. दंश झालाच तर मुलास धीर द्यावा, चालवू नये. जागा कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. बर्फ किंवा थंड पाण्याची घडी ठेवल्यास वेदना कमी होते. वर सांगितलेल्या लक्षणांची वाट न पाहता मुलास आरोग्य केंद्राकडे न्यावे. लक्षणे दिसू लागल्यास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलवावे. गोळीची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून ती वैद्यकीय अधिकाऱ्यानेच द्यावयाची. तथापि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन व प्रतिविष शिल्लक आहे किंवा नाही, ह्याची चौकशी मुख्याध्यापकाने आधीच करून ठेवण्यास हरकत नाही; शाळा व आरोग्य केंद्र ही दोन्ही एकाच जिल्हा परिषदेची आहेत.

मुलाबरोबर एक चिठ्ठी पाठवावी. तीत मुलाचे वय, दंशाची नेमकी वेळ, पहिली उलटी केव्हा झाली, घाम केव्हा सुटला, हातपाय गार आहेत काय, आणि कोणता घरगुती उपाय केला गेला, एवढे लिहावे. विंचू दिसला असल्यास त्याचा रंग व आकार लिहावा, पण त्यास पकडण्यात वेळ दवडू नये. चिठ्ठीची नक्कल शाळेच्या दप्तरी ठेवावी.